तिथे आपलं कोण आहे

रिस्पेक ताइकेच्या हातातली चहाची वाटी ओठांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मी शेगडीपाशी पाठमोरी उभी होते, तरी तळणाच्या आवाजातून मला ते कळलं, कारण गेला अर्धा तास त्याचं बोलणं थांबलं नव्हतं आणि आता थांबलं. ताइके म्हणजे आईचा थोरला भाऊ. आई जाऊन छत्तीस दिवस झाले होते. चाळिसाव्याला घोडी कापायची ती कोणाकडून आणायची, नारिनहून येणाऱ्यांना कुठे झोपवायचं, कोणाच्या ताटात कुठलं हाड वाढायचं हे सगळं तो मला सांगत होता. विचारत नव्हता, सांगत होता. दर गुरुवारी तो असाच येई. गुरुवारी तेलाचा वास काढायचा असतो, तो गेलेल्या माणसापर्यंत पोचतो म्हणतात, म्हणून मी बोरसोक तळत होते, कणकेचे फुगरे चौकोनी तुकडे, जे आई असताना मी एकदाही तळले नव्हते. मी वळून पाहिलं. वाटी त्याने खाली ठेवली होती, पण टेबलाच्या अगदी कडेवर, अर्धी बाहेर. तो डाव्या जबड्यावरून हात फिरवत होता. "दात," तो म्हणाला. "हा दात एक दिवस मला खाणार." टोपीच्या कडेखाली त्याच्या कपाळाला घाम आला होता. बिश्केकवर तो हिवाळाभराचा करडा धूर अजून होता, खिडकी मी तेलासाठी उघडी ठेवली होती, आणि त्या खोलीत घाम यावा असं काही नव्हतं. शिवाय डावीकडचे खालचे दात त्याने पाच वर्षांपूर्वीच काढून टाकले होते. सगळ्या गोताला ते माहीत होतं, कारण काढणारा दंतवैद्य आपला माणूस होता आणि त्याने किती हलक्या हाताने काढले हे प्रत्येक लग्नात सांगून झालं होतं.

"मुकाशला फोन लाव," तो म्हणाला. "म्हणावं, जरा बरं वाटत नाहीये. गाडी पाठवेल तो." आणि त्याने आपला फोन माझ्याकडे सरकवला. सरकवताना त्याचा हात मध्येच थांबला, जणू टेबल त्याला वाटलं होतं त्यापेक्षा लांब होतं. मी फोन उचलला. पडद्यावर त्याच्या नातवंडांचा फोटो होता. वडील सकाळीच बाजारात गेले होते, ते दुपारपर्यंत येणार नव्हते. घरात आम्ही दोघंच. मला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला फक्त सगळं फार स्पष्ट दिसू लागलं, खोलीतल्या वस्तूंच्या कडा कोणीतरी पुन्हा रेखल्यासारख्या. फेब्रुवारीतल्या त्या सकाळीही असंच झालं होतं. आई आरशासमोर रुमाल बांधत होती आणि गाठ बसेना. ती मला म्हणाली, "जिपार, ही खिडकी बांध." मी हसले. ती मात्र हसली नाही, आणि मग तिने हसायचा प्रयत्न केला तेव्हा अर्धाच चेहरा हसला. नऊला दहा कमी होते. मी अँब्युलन्ससाठी एकशे तीनला फोन केला, वडिलांनी रिस्पेक ताइकेला. दोन इमारती सोडून तो राहतो; घरातल्या चपलांवर, बर्फातून, अँब्युलन्सच्या आधी पोचला. वडिलांनी उभं आयुष्य शाळेत भूगोल शिकवला, पण बायकोच्या भावापुढे त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. त्या दिवशीही ते दाराच्या चौकटीला टेकून आईचा हिवाळी कोट हातात धरून उभे राहिले, कोणी मागेल तेव्हा द्यायला.

अँब्युलन्सवरची बाई बुटकी होती आणि तिचा आवाज बसलेला होता. "एजे," ती आईला थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, "हसून दाखवा. दोन्ही हात वर करा. दोन्ही." उजवा वर गेला नाही. तिने घड्याळ पाहिलं आणि आम्हां सगळ्यांकडे एकदम वळून म्हणाली, "मेंदूचा झटका आहे. कधीपासून? अर्धा तास? छान, वेळ आहे. चौकापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात नेते, तिथे याची वेगळी टीम आहे, दहा मिनिटांत पोचू." छान, हा शब्द तिने वापरला होता. मी तो अनेकदा परत आणून पाहिला आहे. ती जोडे शोधत होती आईचे, वाकून, आणि रिस्पेक ताइकेने तिच्या डोक्यावरून मला विचारलं, "तिथे आपलं कोण आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. "मग?" तो म्हणाला. एवढंच. मग त्याने फोन काढला. मुकाश त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, शहराच्या दक्षिण टोकाला हाडांच्या रुग्णालयात विभागप्रमुख. बाईने ऐकलं आणि ती सरळ उभी राहिली. "हाडं? बाइके," ती थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, "यांचं हाड मोडलेलं नाही. डोक्यात शीर बंद पडलीय." ताइकेने तिला विचारलं, "पोरी, तू कोणाची? कुठल्या गावची?" ती म्हणाली, तोकमोकची. तिथे आपलं कोणी नव्हतं. "तुझं काम तू केलंस," तो मऊपणे म्हणाला. तो दुष्ट नव्हता, हे मला लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते. "आता आमच्या माणसाला आम्ही बघतो. तो तिथे बसून हवा तो डॉक्टर बोलावेल. तुमच्याकडे ही कोण? व्हरांड्यातली एक खाट."

आणि आईने डाव्या हाताने त्याची बाही धरली होती. तिची बोटं लोकरीत रुतली होती. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, तिची हीच इच्छा आहे. असं वाटायला कारण होतं. एकतीस वर्षं ती सरकारी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागे बसली. सकाळी सातला खिडकीबाहेर रांग असे, आणि शाळा दुपारची असली की मी आत तिच्या पायांपाशी स्टुलावर बसून गणितं सोडवत असे. मला खालून फक्त चेहरे दिसत, काचेतल्या गोल भोकापाशी वाकलेले. त्यातले काही चेहरे उजळ असत; ते आईला नावाने हाक मारून म्हणत, "बुरुलचा एजे, मी अमक्याचा तमका," आणि आई उठून बाजूचं दार उघडी, त्यांना मागच्या जिन्याने घेऊन जाई, आणि परत येताना हातात जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी असे. बाकीचे चेहरे नुसते वाकलेले राहत. त्यांना ती म्हणे, "थांबा." मी एकदा तिला विचारलं, त्यांना कधी बोलावतात? मी आठ वर्षांची असेन. ती म्हणाली, "त्यांचं इथे कोणी नाही गं," जसं एखाद्याला आईबाप नाहीत असं सांगावं, तितक्याच कीवेने आणि तितक्याच सहजपणे. सगळं गोत तिच्या त्या खिडकीतून बरं झालं. तिला कधी वाटलंच नसेल की तीसुद्धा कुठेतरी काचेबाहेर उभी राहील. पण बाही? बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. ती बाही सोड म्हणत असेल. मला नको, हिच्याबरोबर जाऊ दे, म्हणत असेल. शब्द तिच्यापाशी राहिले नव्हते, आणि जो अर्थ मला सोयीचा होता तो मी लावला. बाईने कागद काढला. रुग्णाला नेऊ देत नाही, परिणामांची जबाबदारी आमची, असं छापलेलं असतं. खाली नातेवाइकाने सही करायची. ती म्हणाली, "यावर सही झाल्याशिवाय मी हलू शकत नाही." ताइके म्हणाला, "जिपार करेल. तिचं अक्षर चांगलं आहे." मी भाषांतरं करते, चार भाषांतले करारनामे आणि औषधांची माहितीपत्रकं वाचते. झटक्यानंतर किती तासांत काय द्यावं लागतं ते मी स्वतः, पानाला ठरलेल्या दराने, दोनदा भाषांतरित केलं होतं. मी सही केली. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, तारीख. बाईने कागदाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग ती जिन्यावरून उतरून गेली, आणि आम्ही मुकाशच्या गाडीची वाट पाहत बसलो.

मुकाश रुग्णालयाच्या दारात पांढऱ्या कोटात उभा होता, दोन्ही हात पुढे करून, लग्नातल्या पाहुण्यांना घ्यावं तसा. खोली स्वतंत्र होती. चादरी इस्त्रीच्या होत्या. खिडकीतून डोंगर दिसत होता, धुराच्या वर, पांढराशुभ्र. चहा आला, मध आला. ताइकेने उशी दोनदा बदलायला लावली आणि दोन्ही वेळा ती धावत बदलली गेली. डोक्याचं स्कॅन मात्र तिथे होत नव्हतं. मुकाशने फोनवर फोन केले, हसून, ओळखी काढून, आणि दुपारी दोनची वेळ मिळवली, दुसऱ्या एका ठिकाणची, आणि ती मिळवल्याबद्दल सगळ्यांनी त्याचे आभार मानले. मीसुद्धा. तिसऱ्या दिवशी आई गेली. इमारतींच्या मधल्या अंगणात तंबू उभारला, त्यात आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून विलाप म्हणत बसलो, आणि येणारी प्रत्येक बाई माझ्या खांद्याला धरून हेच म्हणाली: नशीबवान, परक्यांच्या हातात गेली नाही. मुकाशने काय सेवा केली. राणीसारखी खोली. बाहेर पुरुषांत ताइके काठीला टेकून रडत होता आणि सांगत होता, "फोन ठेवला आणि गाडी दारात." मी विलापात मध्येच थांबले. शेजारच्या बाईला वाटलं मला शब्द आठवत नाहीत. ती मला पुढची ओळ सांगू लागली. शब्द मला सगळे येत होते. फोन ठेवला आणि गाडी दारात, हे तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं. तेव्हापासून मी त्याचा द्वेष करते. आईचा जीव त्याने घेतला असं मी म्हणत नाही, मी कायद्याची कागदपत्रं वाचलेली बाई आहे. पण तो प्रत्येक गुरुवारी यायचा, मध घातलेला चहा प्यायचा आणि त्याला झोप लागत होती.

आता त्याचा फोन माझ्या हातात होता आणि मुकाशचं नाव यादीत सगळ्यात वर. तो म्हणत होता, "काय शोधतेस, प्रोफेसरबाई? एक नाव सापडेना?" आवाज चेष्टेचा होता पण मध्येच त्याने श्वास घेतला आणि तो श्वास पुरला नाही. त्याने छातीवर मूठ ठेवली, हळूच, खिशातलं काही चाचपल्यासारखी. मला कळलं. कोणालाही कळलं असतं. आणि मी जे केलं नाही ते आधी सांगते: मी लगेच काही केलं नाही. कढईत दहाबारा बोरसोक होते. मी वळून ते झाऱ्याने उलटवले. ते एका बाजूने अजून फिके होते. मी विचार करत होते की त्याने सांगितलंय तेच केलं तर? मुकाशला फोन लावायचा. ताइकेच्या इच्छेप्रमाणे. गाडी येईल, शहर ओलांडून, मग पुन्हा शहर ओलांडून; पांढऱ्या कोटातला मुकाश, इस्त्रीच्या चादरी, डोंगर. कोणी मला बोट लावू शकणार नाही. उलट म्हणतील, भाचीने मामाचं ऐकलं. मी ते चित्र सगळं पाहिलं, अगदी चाळिसाव्याच्या जोडीने दुसरा तंबू, दुसरे विलाप. आणि त्या बायका माझ्याऐवजी ताइकेच्या बायकोचा, कालीपा तायजेनेचा, खांदा धरून म्हणतायत, नशीबवान. बोरसोक दोन्ही बाजूंनी झाले. मी ते काढले, सगळे, एकही न विसरता, शेगडी बंद केली, आणि माझ्या स्वतःच्या फोनवरून एकशे तीन लावलं. दयेने नव्हे. मला बघायचं होतं. त्या दहा मिनिटांच्या रस्त्याच्या शेवटी काय असतं ते मला बघायचं होतं, आणि ते बघायला त्याचा जीव माझ्यासमोर होता.

यावेळचा माणूस लठ्ठ होता, धापा टाकत वर आला. छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, ती वाचता वाचताच त्याने खाली ड्रायव्हरला हाक मारली. "बाइके, हृदय आहे. चौकापलीकडे जायचंय, लगेच."

"दात आहे," ताइके म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"दात असेल तर तिथेच उपटतील. चला."

"तिथे आपलं कोण आहे?" हे त्याने त्या माणसाला नाही, मला विचारलं. आणि त्याचे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले असे: काचेबाहेर वाकलेले.

"आहे," मी म्हटलं.

"कोण?"

"माझा माणूस आहे. मी बोललेय त्याच्याशी."

"कधी बोललीस?"

"आत्ता. तुमची वाट बघतोय."

"मोठा आहे?"

"मोठा आहे, ताइके. उठा."

तो उठला. लहान मुलासारखे दोन्ही हात त्याने कोटाच्या बाह्यांत घालू दिले. रस्ता आठ मिनिटांचा निघाला, दहाचाही नाही. दारात कोणी हात पुढे करून उभं नव्हतं. एका मुलीने नाव विचारलं, ते चुकीचं लिहिलं, आणि चाकांची खाट दारांमागे गेली. मी व्हरांड्यात बसले. बाकडं मोडकं होतं. पाऊण तासाने एक डॉक्टर आला, तरुण, डोळे लाल. मनगटातून नळी घालून शीर मोकळी केली, म्हणाला, वेळेवर आणलंत. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याला वाटलं मला समजलं नाही. "वाचले," तो म्हणाला. मी विचारलं, "मेंदूचा झटका आलेलेही इथेच येतात?" तो म्हणाला, "वरच्या मजल्यावर. का?" मी म्हटलं, सहज. तो दुसऱ्या खाटेकडे निघून गेला. माझं नाव त्याने विचारलं नाही, त्याचं मी विचारलं नाही. मी त्या बाकड्यावर आणखी बराच वेळ बसले. मला जे बघायचं होतं ते मी पाहिलं होतं आणि आता ते कुठे ठेवायचं ते कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी त्याला भेटायला गेले. सहा खाटांची खोली, भिंतीचा रंग पोपडे धरलेला. कालीपा तायजेने, त्याची बायको, डब्यातून सूप ओतत होती. मला पाहताच तिने डबा ठेवला आणि माझी दोन्ही गालफडं धरून मुके घेतले. "तुझ्या हातांना देव यश देवो. आता सांग, कोण तो? चाळिसाव्याला त्याला वरच्या जागी बसवायचं. घोडीच्या पुठ्ठ्याचं, मानाचं हाड त्याच्या ताटात. रिस्पेकने दोन दिवस सगळ्यांना विचारून पाहिलं, कोणी कबूलच होत नाही."

खरंच विचारलं होतं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसून म्हणाला, "सलाईन बदलणारीला तिच्या सात पिढ्या विचारल्या तुझ्या मामाने. झाडूवालीलाही सोडलं नाही. ती बिचारी म्हणते, मी कोरियन आहे."

"तू गप," ताइके त्याला म्हणाला. मग मला, "नाव सांग. लाजतेस कशाला? कोणी जुना मित्र आहे का?"

"कोणी नाही."

"तुझा माणूस म्हणालीस."

"तुम्ही उठत नव्हता म्हणून म्हटलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या मनात काय जुळतंय ते मला आधीच दिसलं. त्याचा आवाज खाली आला. "होता. होताच. अशी काळजी घेतली माझी. तासात काम झालं. आणि आईच्या वेळी मी तुला विचारलं होतं, तिथे आपलं कोण आहे. कोणी नाही म्हणालीस. माझ्या बहिणीसाठी नव्हता, आणि आता उगवला?" तायजेनेचा हात पळीवरच थांबला. म्हातारा भिंतीकडे वळला. मला वाटलं, हे आता चाळिसाव्याला तीनशे माणसांत जाईल: मुलीने आपला माणूस लपवला. एखादं नाव घेऊन टाकलं असतं तर तेच खरं ठरलं असतं, आणि तो सुखाने झोपला असता. मी लपवलं होतंच काहीतरी. ते माणसाचं नाव नव्हतं, एवढंच.

"बाहेर जाऊन विचारा," मी म्हटलं. "डॉक्टरला माझं नाव माहीत नाही. तुमचंही चुकीचं लिहिलंय. कोणी नव्हतं, ताइके. तेव्हाही नव्हतं, परवाही नव्हतं."



"मग त्यांनी मला घेतलं कशाला?" त्याने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आजारी होतात म्हणून."

तायजेने हसली, चेष्टा समजून, आणि एकटीच हसतेय हे लक्षात आल्यावर सूप ओतू लागली. तो हसला नाही. पांघरुणावरची त्याची बोटं हलली, सुई लावलेल्या हाताची, आणि थांबली. मी उठले होते.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "मुकाशची गाडी यायला किती वेळ लागला?"

"पन्नास मिनिटं."

"एवढी नाही. वीस असतील."

"पन्नास," मी म्हटलं. "मी खिडकीत उभी होते."